सिंगल स्पीड, फिक्स्ड की गिअरची? रोजच्या वापराची सायकल ठरवताना नक्की काय बघावं?

पायवाट
नमस्कार मंडळी. गेली काही वर्षं हायब्रिड सायकल चालवतेय. पुढे पायडलपाशी तीन दातेरी चक्रं (चेनव्हील), मागे सात. कामावर जायला-यायला रोज तीच, एका बाजूचं अंतर साधारण ११ किमी. रस्ता बहुतेक सपाट, मध्ये एक पूल लागतो आणि शेवटी अर्ध्या किलोमीटरचा बऱ्यापैकी चढ. पाठीवर लॅपटॉपची बॅग.

या सायकलच्या गिअरनी मला आता अगदी जेरीस आणलंय. ट्यूनिंग करून घेतलं की आठवडाभर बरं चालतं, मग पुन्हा कटकट सुरू. चढावर ऐन जोर लावताना चेन उडी मारते तेव्हा तर धडकीच भरते. नवी सायकल घ्यायची आहे आणि या वेळी साधी, एकाच गिअरची घ्यावी असं मनात आहे. मैत्रिणीची फिक्स्ड (चाक फिरतंय तोवर पायडल फिरतच राहतं ती) थोडी फिरवून बघितली आणि फार आवडली. ना वायर, ना खटके, पाय आणि चाक एकमेकांशी थेट बोलतायत असं वाटलं. पण रोजच्या रहदारीत ती कितपत झेपेल ते कळत नाही.

सिंगल स्पीड, फिक्स्ड, गिअर. तिन्ही प्रकार रोज वापरलेल्यांनी स्पष्ट सांगा. नुसत्या दिसण्यावर जायचं नाही हे ठरलेलं आहे.

चढवेडा
चढ आहे, पाठीवर ओझं आहे. गिअरचीच घ्या. एका गिअरची सायकल सपाटीवर आणि रिकाम्या पाठीनेच छान वाटते.

तेलपाणी
पायवाट, प्रश्न नीट मांडलात, म्हणून सविस्तर लिहितो. मी सायकली दुरुस्त करतो आणि तिन्ही प्रकार चालवतो.

आधी तुमच्या चेनच्या उडीबद्दल, कारण त्या एका त्रासावरून तुम्ही गिअर ही गोष्टच मोडीत काढायला निघालात. जोर लावल्यावर चेन उडते याची कारणं बहुतेक वेळा तीनच निघतात. चेन झिजलेली असते, डिरेलरचा, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेचा, हँगर (ती फ्रेमला जोडणारी पट्टी) वाकलेला असतो, नाहीतर वायर तिच्या आवरणात अडकत असते. हँगर तुम्हालाही तपासता येईल. सायकलच्या मागे उकिडवं बसा आणि डिरेलरची दोन छोटी चक्रं बघा. ती दोन्ही वरच्या चक्रासोबत एका उभ्या रेषेत दिसली पाहिजेत. खालचं चक्र आत, स्पोककडे झुकलेलं दिसलं तर सायकल कधीतरी उजव्या अंगावर पडली आहे. तो हँगर सरळ केल्याशिवाय कितीही ट्यूनिंग करा, आठवड्याभरात येरे माझ्या मागल्या. चेन मोजायला पट्टी पुरते. एका पिनेच्या मध्यापासून २४ कड्या मोजा, नव्या चेनमध्ये ते अंतर बरोबर १२ इंच भरतं. ते १२ पूर्णांक १/१६ इंच झालं की चेन बदलायची. पुष्कळ पुढे गेलं असेल तर मागची चक्रंही गेलीच म्हणून समजा. हे आधी बघा, मग नव्या सायकलचं ठरवा.

आता मूळ प्रश्न. किती गिअर हवेत, यापासून सुरुवातच करू नका. पायडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे गेलेली तुम्हाला चालेल, तिथून सुरुवात करा. पुढचे दात भागिले मागचे दात, आणि गुणिले चाकाचा घेर. ७००सी या नेहमीच्या मापाच्या चाकाचा घेर टायरसकट साधारण २.१ मीटर असतो. एका गिअरच्या बऱ्याच तयार सायकलींना पुढे ४४ आणि मागे १६ दात असतात. ४४ भागिले १६ म्हणजे २.७५, आणि गुणिले २.१ केलं की एका फेरीला जवळजवळ ५.८ मीटर. मिनिटाला ८० फेऱ्यांनी सायकल ताशी २७-२८ किमी वेगाने जाते. सपाट मोकळ्या रस्त्याला हे उत्तम आहे.

हीच सायकल ५ टक्क्यांच्या चढावर न्या. तुम्ही, सायकल आणि बॅग मिळून ८५ किलो धरू. ताशी १२ किमीने चढायचं तर साधारण १६५ वॉट लागतात. धडधाकट माणसाला थोडा वेळ हे जमतं, ताकद काही राक्षसी लागत नाही. पण ४४/१६ वर त्या वेगाला मिनिटाला फेऱ्या पडतात जेमतेम ३५. इतक्या कमी फेऱ्यांत तेवढं काम उरकायचं म्हणजे पायडलवर सरासरी २७-२८ किलोचा दाब, आणि पाय खाली जाताना ऐन टोकाला त्याच्या दुपटीच्या आसपास. गिअरच्या सायकलवर पुढे ३४ आणि मागे २८ लावलं तर त्याच वेगाला ७८ फेऱ्या पडतात आणि सरासरी दाब १२ किलोवर येतो. चढ तोच, वेग तोच, घामही साधारण तेवढाच. गिअर ताकद वाढवत नाही, तीच ताकद सोसेल अशा हप्त्यांत वाटून देतो.

म्हणून तुमचा अख्खा ११ किमीचा रस्ता बाजूला ठेवा. त्यातली सगळ्यात जड पाच मिनिटं कोणती ते बघा. तेवढ्या वेळात तुमच्या फेऱ्या ५०च्या खाली जात नसतील तर एक गिअर तुम्हाला पुरेल. ४०च्या खाली गेल्या आणि हे रोजचंच असेल तर गुडघे तक्रार करणार.

हिरवा डोंगर
तेलपाणी, हा प्रतिसाद जपून ठेवतेय. गुडघ्यांबद्दल मी सांगते. माझा उजवा गुडघा जड गिअरवर रेटत राहिलं की वाटीच्या खाली दुखायला लागतो, हलका गिअर आणि भराभर पाय ठेवले की दिवसभर कुरकुरत नाही. ज्यांना आधीपासून त्रास आहे त्यांनी सिंगल स्पीडच्या साधेपणाला भुलू नये. सीटची उंची आधी तपासा. बुटकी सीट आणि जड गिअर ही जोडी फार वाईट.

अखंड
मी रोज फिक्स्ड चालवतो, म्हणून फिक्स्डची बाजू.

ज्यांनी चालवली नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. सिंगल स्पीड आणि फिक्स्ड लांबून सारख्याच दिसतात, चालवायला अगदी निराळ्या. सिंगल स्पीडला फ्रीव्हील असतं, पाय थांबवले तरी सायकल पळत राहते. फिक्स्डमध्ये मागचं चक्र हबला (चाकाच्या मधल्या भागाला) पक्कं बसवलेलं, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. उतारावर फिरणार, वळणावर फिरणार, खड्डा चुकवतानाही फिरणार.

यातून मिळतं काय? वेगावर बारीक ताबा. रहदारीत पुढचा थोडा मंदावला की मी पायाचा जोर किंचित कमी करतो, सायकल तेवढीच मंदावते, ब्रेकला हात लावावा लागत नाही. ओल्या रस्त्यावर मागचं चाक घसरू लागलं तर ते आधी पायाला कळतं. शिवाय फुकट पळणं नसल्यामुळे पाय गोल फिरायला शिकतात. उतारावर मिनिटाला १३०-१४० फेऱ्या पडायला लागल्या की सीटवर उड्या न मारता बसणं ही कलाच आहे, आणि ती यायला वेळ लागतो. मला त्या अखंड फिरण्याची इतकी ओढ आहे की फ्रीव्हीलच्या सायकलवर पाय अडखळल्यासारखे होतात.

आता ज्यात तडजोड नाही ते सांगतो.

पुढचा ब्रेक हवाच. ब्रेक नसलेली फिक्स्ड ही वेलोड्रोमची, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकची सायकल आहे. जपानमध्ये १९४८ पासून कीरिनच्या शर्यती बिनब्रेकच्या सायकलींवर होतात, पण तिथे सगळे एकाच दिशेला जातात आणि आडवं कुणी येत नाही. रस्त्यावर गणित बदलतं. थांबताना वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं आणि मागे कितीही जोर लावला तरी ते घसरायलाच लागतं. ताशी २५ किमीला चांगल्या पुढच्या ब्रेकने सुमारे ५ मीटरमध्ये थांबता येतं. नुसत्या मागच्या चाकावर भरवसा ठेवला तर कोरड्या रस्त्यावरही अंतर जवळपास दुप्पट होतं. दचकून भानावर येण्यात जातं ते अंतर यात धरलेलंच नाही. ब्रिटनच्या नियमांत फिक्स्ड चाक मागच्या ब्रेकच्या जागी चालतं, पुढचा ब्रेक मात्र लागतोच. मला ही वाटणी अगदी रास्त वाटते.

दुसरं म्हणजे लॉकरिंग, चक्राला बाहेरून आवळून धरणारं कडं. फिक्स्डच्या हबवर आट्यांचे दोन टप्पे असतात. चक्र बसतं ते उजव्या आट्यांवर, म्हणजे पुढे पायडल मारलं की घट्ट होतं. पाय मागे रेटला की ते सुटायला बघतं. त्याच्या बाहेरचं लॉकरिंग डाव्या आट्यांचं असतं, त्यामुळे चक्र सुटायला लागलं की लॉकरिंग उलट आवळलं जातं. दोघांनी मिळून धरलेली ही पकड आहे. नुसत्या फ्रीव्हीलच्या हबवर, डावे आटे नसताना, फिक्स्डचं चक्र चिकटवून कुणी सायकल देत असेल तर तिला हात लावू नका. ऐन थांबायच्या वेळी चक्र सुटतं आणि पाय नुसतेच मागे फिरतात.

तिसरं, चेन पुसताना. मागचं चाक उचलून फिरवत चेनला फडकं धरायची सवय अनेकांना असते. फिक्स्डवर हे करायचं नाही. फडकं चक्राखाली गेलं की चाकाचा सगळा वेग बोटासकट त्याला आत ओढतो. चेन एकदा जिथे धरली तिथे पुसा, चाक हाताने थोडं पुढे सरकवा, थांबवा, पुन्हा पुसा. बुटाची नाडी आणि पँटचा घोळ, त्यांनाही हेच लागू.

पायवाट
अखंड, मनापासून आभार. चेन पुसण्याचं मला कुणीच सांगितलं नव्हतं, मैत्रिणीलाही आत्ताच कळवते. एक विचारू का? फिक्स्डवर चाक लॉक करून घसरवत थांबतात, ते शिकावं लागतं का? आणि त्याने टायर लवकर जातो म्हणतात ते खरं का?

अखंड
शिकलं नाही तरी चालतं. पुढचा ब्रेक आणि पायाने हळूहळू विरोध, एवढ्यावर माझं सगळं भागतं.

टायरचं खरं आहे, आणि ते दातांच्या संख्येवर ठरतं. घसरवताना पाय नेहमी ठरावीक जागी, म्हणजे आडवे असतात. त्यामुळे टायर ठरावीक जागांवरच घासतो. त्या जागा किती हे काढायला पुढचे भागिले मागचे दात हा अपूर्णांक संक्षिप्त करायचा, खाली उरलेला आकडा म्हणजे तेवढ्या जागा. ४८/१६ म्हणजे ३/१, एकच जागा, टायर तिथेच भोक पडेपर्यंत घासला जाणार. ४४/१६ म्हणजे ११/४, चार जागा. ४६/१७ संक्षिप्त होतच नाही, म्हणून सतरा. हा हिशेब नेहमी एकच पाय पुढे ठेवणाऱ्यांसाठी आहे. पाय आलटून-पालटून घसरवणाऱ्यांना वरचा आकडा विषम असेल तर जागा दुप्पट मिळतात. घसरवणार नसाल तर यात डोकं घालायची गरज नाही.

चढवेडा
अखंड यांच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण धागाकर्तीला रोज कामावर जायचंय. सकाळी घाई, पाठीवर बॅग, अधूनमधून पाऊस. अशा माणसाला मी तरी फिक्स्ड सुचवणार नाही. वळणावर आतला पायडल खाली असताना जमिनीला टेकला तर फिक्स्डमध्ये चाक उचललं जातं, फ्रीव्हीलवाला पाय वर धरून निघून जातो.

अखंड
हे अगदी मान्य. म्हणूनच फिक्स्डसाठी बनवलेल्या फ्रेमची खालची बेअरिंग थोडी उंचावर असते आणि क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, बहुतेक वेळा आखूड, १६५ मिमीची बसवतात. नेहमीच्या रस्त्यावरच्या फ्रेमला घरी फिक्स्ड करताना हा भाग विसरला जातो.

शिवाय हे दार एकदाच उघडायचं असं नाही. फ्लिप-फ्लॉप हब मिळतो, एका बाजूला फ्रीव्हील, दुसऱ्या बाजूला फिक्स्ड. चाक काढून उलटं बसवलं की झालं. पायवाट यांना ओढ वाटतच असेल तर रोज फ्रीव्हीलवर जा आणि सुट्टीच्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर फिक्स्डची सवय करा, असं मी सुचवेन.

जुनी पानं
चाक उलटं बसवण्यावरून आठवलं. एके काळी शर्यतींत गिअर बदलायची हीच पद्धत होती. टूर द फ्रान्स १९०३ मध्ये सुरू झाली, पण स्पर्धकांना डिरेलर वापरायची परवानगी मिळाली थेट १९३७ साली. तोवर मागच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन वेगळी चक्रं असायची. डोंगराच्या पायथ्याशी उतरायचं, चाक सोडवून फिरवायचं, माथ्यावर पुन्हा तेच. शर्यतीचे संस्थापक आंरी देग्रांज गिअर बदलण्याच्या ठाम विरोधात होते, जिंकायचं ते स्वतःच्या स्नायूंवर अशी त्यांची भूमिका. दुसरीकडे, तासाभरात कापलेल्या अंतराचा विक्रम आजही फिक्स्डवरच होतो. एडी मर्क्सने १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत ४९.४३१ किमी काढले, फिलिप्पो गान्नाने २०२२ मध्ये ५६.७९२ किमी. ट्रॅकवर चढ नाही, सतत समोरून वारा नाही, वेग एकसारखा. तिथे दुसऱ्या गिअरचं कामच पडत नाही. चढ आला की सगळं बदलतं, हे पायथ्याशी उतरून चाक फिरवणाऱ्यांना चांगलं माहीत होतं.

मंदगती
चर्चा वाचतोय. एका प्रकाराचं नाव अजून निघालं नाही याचं नवल वाटलं. हबच्या आत गिअर असलेली सायकल.

विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब आला, आणि त्याचं मूळ तत्त्व अजून तेच आहे. आत दातेरी चक्रांचा संच. मधला गिअर थेट, खालचा त्याच्या ७५ टक्के आणि वरचा १३३ टक्के. बाहेरून बघितलं तर एक चेन, पुढे एक चेनव्हील, मागे एक चक्र, चेनची रेषा सरळ. डिरेलर नाही, त्यामुळे हँगर वाकायचा प्रश्न नाही. उभ्या उभ्या गिअर बदलता येतो, हे सिग्नलला फार उपयोगी पडतं. डिरेलरच्या सायकलवर जड गिअरमध्ये अचानक थांबावं लागलं तर पुन्हा निघताना नाकी नऊ येतात.

उणी बाजूही सांगतो. वजन जास्त, आणि ते सगळं मागच्या चाकात. आत थोडी शक्ती खर्च होते, विशेषतः थेट नसलेल्या गिअरमध्ये. पंक्चर काढायला चाक सोडवायचं तर गिअरची वायर आधी काढावी लागते, ती एकदा शांतपणे शिकून घ्यायची. यापुढे शिमानोचा आठ गिअरचा नेक्सस आहे, त्यात सगळ्यात हलक्या गिअरच्या ३०७ टक्के सगळ्यात जड गिअर. रोलॉफचा चौदा गिअरचा हब ५२६ टक्क्यांपर्यंत जातो, पण तो लांबच्या ओझ्याच्या प्रवासाला.

पायवाट यांना साधेपणा हवा आहे. माझ्या मते त्यांच्या वर्णनात हाच हब बसतो.

तेलपाणी
मंदगती यांच्याशी सहमत, मी तिकडेच येत होतो. पण पायवाट, कुणाच्याही सांगण्यावरून ठरवू नका. हातात सायकल आहे तीवरच हे तपासता येतं.

पुढचे आणि मागचे दात मोजा. चेनव्हीलवर बहुतेक वेळा आकडा कोरलेला असतो, मागचे मोजायला एका दाताला खडूची खूण करा. भागाकार २.३ ते २.५च्या मध्ये येईल अशी जोडी निवडा, सायकल त्या गिअरला लावा आणि मग खटक्यांना हात लावू नका. कामाचे सगळे दिवस, बॅगेसकट. दोन गोष्टींची नोंद ठेवा. कुठे उठून उभं राहावं लागलं, आणि कुठे पाय इतके भराभर फिरले की वेग वाढवता येईना. नवी सायकल न घेता सिंगल स्पीड कशी वागेल हे यातून जवळजवळ पूर्ण कळतं. फिक्स्डचं मात्र यातून कळत नाही, ते निराळं प्रकरण आहे.

खटक्याच्या मोहापासून वाचायचं असेल तर खटक्यावर चिकटपट्टी लावा.

सरळ रेषा
याच विषयातलं विचारतो. जुनी गिअरची फ्रेम पडून आहे. तिलाच सिंगल स्पीड करता येईल का? डिरेलर काढला आणि चेन छोटी केली की झालं, असं ऐकलंय.

तेलपाणी
फ्रेमवर अवलंबून. मागचा अ‍ॅक्सल ज्या खाचेत बसतो ती बघा. खाच आडवी किंवा तिरपी असेल तर चाक मागे ओढून चेन ताणता येते, काम सोपं. खाच सरळ उभी असेल, आणि अलीकडच्या गिअरच्या बहुतेक फ्रेमना तशीच असते, तर चाक मागेपुढे होतच नाही. मग चेन ताणायला वेगळा टेन्शनर लावावा लागतो.

फ्रीव्हील असेल तर टेन्शनर चालतो. फिक्स्डला कधीच नाही. फिक्स्डवर पाय मागे रेटला की ताण चेनच्या खालच्या बाजूला येतो, आणि टेन्शनर तिथेच असतो. तो वाकणार किंवा तुटणार.

दुसरी गोष्ट चेनची रेषा. पुढचं चेनव्हील आणि मागचं चक्र एकाच सरळ रेषेत हवीत. वरून डोळा लावून बघा. तीन चेनव्हीलच्या क्रँकवर मधलं वापरलं तर बहुधा जवळपास जुळतं, उरलेला फरक मागे चकत्या घालून काढायचा. रेषा तिरकी राहिली तर चेन आवाज करते आणि पडते. फिक्स्डवर चालत्या सायकलची चेन पडणं म्हणजे चाक अडकायची भीती.

हिरवा डोंगर
यात भर घालते. डिरेलरसाठीच्या चेनव्हीलचे काही दात मुद्दाम आखूड आणि तिरपे घडवलेले असतात, चेन सहज उतरावी म्हणून. एका गिअरला सगळे दात पूर्ण उंचीचे असलेलं चेनव्हील लावलं की चेन पडायचा त्रास बराच कमी होतो.

पायवाट
उशीर झाला, क्षमस्व. पण तेलपाणी यांनी सांगितलेलं सगळं केलं.

आधी दुरुस्तीचं. हँगर आत वाकलेला निघाला आणि चेन पट्टीवर १२ पूर्णांक १/८ इंच भरली. म्हणजे गिअरचा दोष नव्हताच.

मग प्रयोग. पुढे ३८, मागे १६, म्हणजे २.३७. त्या गिअरवर खटक्यांना पट्टी लावून कामावर गेले. निकाल मला वाटला होता त्याच्या उलट निघाला. ज्या चढाचा मी बाऊ करत होते तो अर्धा किलोमीटर उभं राहून पार होतो, दम लागतो पण जमतं. पूल तर जाणवलाही नाही. दमवलं ते वाऱ्याने. दोन संध्याकाळी परतताना समोरून सोसाट्याचा वारा होता आणि सपाट रस्त्यावर पाऊण तास तोच जड गिअर रेटत राहिले. चढ संपतो तरी, वारा संपतच नव्हता. उलट सकाळी तोच वारा पाठीशी होता तेव्हा पाय नुसतेच गरगरत होते, वेग वाढवता येईना.

आता वाटतंय की सिंगल स्पीड घेतली तर मला खालचाच नाही, वरचाही गिअर आठवत राहील.

तेलपाणी
हे तुम्ही फार नेमकं पकडलंत. वाऱ्याचं गणित सांगतो, म्हणजे मनाची समजूत पटेल. हवेचा विरोध सापेक्ष वेगाच्या वर्गाने वाढतो. तुम्ही ताशी २० ने जाताय आणि समोरून वाराही ताशी २० चा आहे, तर हवेला तुम्ही ४० ने भिडताय. विरोध चौपट. सरळ बसून चालवणाऱ्या माणसाला हा जादा विरोध साधारण ३ टक्क्यांच्या चढाइतका पडतो. म्हणजे त्या संध्याकाळी तुम्ही ११ किमीचा अखंड चढ चढत होतात. माणसं सायकल ठरवताना चढ मोजतात आणि वारा विसरतात. एका गिअरच्या सायकलीचा कंटाळा येऊन परत फिरलेल्या ज्या लोकांना मी भेटलोय, त्यातल्या बऱ्याच जणांचं कारण वाराच होतं.

तीन गिअरच्या हबवर मधला गिअर २.३७ ठेवलात तर खालचा १.७८ आणि वरचा ३.१५ च्या आसपास येईल. समोरच्या वाऱ्याला खालचा, पाठीशी वारा असेल तर वरचा, उरलेल्या दिवशी मधलाच. खटका आठवड्यातून फार वेळा लागणार नाही.

अखंड
पायवाट, अशाच वाऱ्यात मी रोज फिक्स्ड चालवतो. मला ते झेपतं, कारण मी २.४ च्या वर जात नाही आणि वारा असेल त्या दिवशी वेळ वाढतो हे मनाशी धरूनच निघतो. तुम्हाला वेळेवर पोचायचं असतं. हब घ्या. फिक्स्ड चालवाविशी वाटेल तेव्हा मैत्रिणीची आहेच.

चढवेडा
मीही चढाकडेच बघत बसलो होतो, वारा माझ्या ध्यानात नव्हता. तीन गिअरच्या हबला माझंही मत.

पायवाट
ठरलं, तीन गिअरचा हब. जुनी सायकल हँगर सरळ करून आणि नवी चेन घालून भावाला देतेय, त्याचा रस्ता डोंगराळ आहे. तेलपाणी, एक शेवटचं. पाहिलेल्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ आहे. माझ्या हिशेबाने २.४४. थोडं हलकं हवं म्हणून मागे २० लावलं तर चेन नवी घ्यावी लागेल का?

तेलपाणी
बहुधा नाही. मागे एक दात वाढला की अ‍ॅक्सल साधारण ३ मिमी पुढे सरकवावा लागतो, दोन दातांना ६ मिमीच्या थोडं वर. खाचेत पुढच्या बाजूला तेवढी जागा शिल्लक आहे का ते पट्टीने मोजा. असेल तर आहे तीच चेन चालेल. नसेल तर चेनमध्ये कड्यांची एक जोडी (एक आतली, एक बाहेरची) वाढवा आणि चाक मागच्या बाजूला बसवा. मधला गिअर मग २.२ होईल, खालचा १.६५.

चाक बसवल्यावर चेनचा मधला भाग बोटाने वर-खाली करून बघा, एक ते दीड सेंटिमीटर ढील हवी. पायडल पूर्ण एक फेरी फिरवत ठिकठिकाणी तपासा, कारण चेनव्हील अगदी मध्यावर बसलेलं क्वचितच असतं आणि एका जागी चेन जास्त ताणली जाते. त्या सगळ्यात ताणलेल्या जागी ढील ठेवायची. मग गिअरची वायर पुन्हा जुळवा, आणि रिमचे ब्रेक असतील तर पॅड रिमवरच बसतायत ना ते बघा, अ‍ॅक्सल सरकला की तेही हलतं.